हळू वाजवण्याची घाई

आमचा रेकॉर्ड प्लेयर मंगळवार बाजारातून आला, आणि तो आल्यापासून तीन वर्षं आमच्या घरात अशी पक्की समजूत होती की अमेरिकेतले पुरुष बायकांच्या आवाजात गातात.

रेकॉर्डच्या कव्हरवर पाच जणांचा फोटो होता. डोक्याला टोप्या, गळ्यात टाय, प्रत्येकाच्या हातात एकेक वाद्य आणि मधल्याच्या हातात मेंडोलिन. बाई औषधालाही नाही. पण सुई टेकवली की असा किनरा आवाज निघायचा की शेजारच्या काकू विचारायच्या, "तुमच्याकडं कुणाचं लेकरू आलंय की काय?" माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. विचारलेला प्रश्न उत्तराशिवाय परत पाठवणं त्यांच्या तत्त्वात बसत नसे. ते म्हणाले, "डोंगरातली माणसं आहेत ती. थंडीनं आवाज बारीक होतो." आम्ही तीन वर्षं यावर विश्वास ठेवला.

रेकॉर्ड आणि मेंडोलिन, दोन्ही मला मिशनच्या शाळेतल्या अमेरिकन मॅडमनी दिलं होतं. त्या इंग्रजी शिकवायच्या आणि मधल्या सुट्टीत कट्ट्यावर बसून मेंडोलिन वाजवायच्या. मी रोज समोर जाऊन उभी राहायचे. हाकललं नाही म्हणून जवळ बसले, जवळ बसले म्हणून हातात घेतलं. त्यांनी मला तारा जुळवायला शिकवलं, चार-पाच सूर धरायला शिकवले. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी त्या कायमच्या मायदेशी निघाल्या, तेव्हा मेंडोलिन त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं. वर ही रेकॉर्ड, आणि सूर जुळवायची एक छोटी शिट्टी. म्हणाल्या, या संगीताला ब्लूग्रास म्हणतात, माझ्या गावाकडचं आहे, ऐकून ऐकून शीक. रेकॉर्ड ऐकायला यंत्र लागतं, हे त्या गडबडीत दोघींच्याही लक्षात आलं नाही. ते यंत्र वडिलांनी मागाहून बाजारात शोधून आणलं.

मॅडम शांतपणे वाजवायच्या. रेकॉर्ड ऐकल्यावर मला त्यांची कीवच आली. बिचाऱ्यांना येतच नव्हतं, असं मी ठरवून टाकलं. तो टोपीवाला माणूस असा वाजवत होता की एक सूर कानात शिरायच्या आत पुढचे सहा येऊन गेलेले असत. मॅडमची शिट्टीही त्याच्याशी जुळेना, तिच्यापेक्षा तो चढाच. वडिलांनी निकाल दिला, शिट्टी गंजली. मी शिट्टी कपाटात टाकली आणि त्या माणसाला गाठायचंच असं ठरवलं.

मी ठरवलं की ठरवलं. आई म्हणायची, ही सातव्या महिन्यातच बाहेर आली, तेव्हापासून घाईतच आहे. मॅट्रिकनंतर टायपिंगच्या क्लासला गेले तर तिथंही सगळ्यांच्या आधी पान संपवून बसायचे. कोर्टाजवळच्या एका वकिलांच्या ऑफिसात मला नोकरी लागली ती या बोटांमुळंच. सकाळी ऑफिसच्या आधी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास मी त्या रेकॉर्डशी झुंजत असे. बोटांची सालं निघाली. तारा तटातट तुटल्या. आई मैंदर्गीची, तिकडचं निम्मं बोलणं कानडी. ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "साकु! साकु गं बाई!" म्हणजे पुरे कर. मी दार लावून घ्यायचे.

तिसऱ्या वर्षी मी त्या टोपीवाल्याला गाठलं. सुरासुरासकट गाठलं. शाळेच्या माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्यात वाजवलं तेव्हा पोरींनी बाकं बडवली. एक जुने सर म्हणाले, "पोरगी आहे की शिवणयंत्र!" ते मला कौतुकच वाटलं. मेंडोलिन म्हणजे हेच, एवढंच, आणि सोलापुरात ते वाजवणारी मी एकटी, अशी माझी ठाम खात्री झाली. विहिरीतल्या बेडकाला विहीर लहान वाटत नसते.

मग एके दिवशी ऑफिसात एक विणकर आले. दसरा नुकताच झाला होता. पन्नाशीचे असतील, धोतर, पांढरा सदरा, केसांत अडकलेला कापसाचा भुगा. पूर्व भागातल्या चादरींच्या कारखान्यात मागावर होते. यंत्रमागाच्या खडखडाटानं कान जात चालले होते, म्हणून मागावरून काढून घडी खात्यात घालावं, असा मालकाला अर्ज करायचा होता. वकीलसाहेबांनी मजकूर सांगितला, मी टाइप करू लागले. ते माझ्या शेजारी उभे राहून माझ्या बोटांकडं बघत होते. मला वाटलं, वेगाकडं बघतायत. मी आणखी वेग वाढवला.

कागद हातात घेताना ते म्हणाले, "बाई, डाव्या हाताच्या बोटांना तेवढे घट्टे हायेत तुमच्या. टायपिंगनं पडले अस्ते तर दोनी हातांना पडले अस्ते. काय वाजिवता?"

"मेंडोलिन."

"आं?" त्यांनी कानामागं हात धरला.

"मेंडोलिन!" मी इतक्या जोरात ओरडले की वकीलसाहेब आतून बाहेर आले.

त्या माणसाचा चेहरा असा उजळला की मला त्याचं कारणच कळेना. स्वतःच्या छातीवर बोट ठेवून ते म्हणाले, "मी बी की! मी बी त्येच वाजिवतो. शनवारी या आमच्या देवळात. आठाच्या आत या. आठला देव झोपतो."

मी वडिलांना घेऊन गेले. खरं सांगायचं तर त्या विणकरांना माझं वाजवणं कधी ऐकवता येईल हे बघायला गेले. तेलुगू विणकरांची ती वस्ती, घराघरांतून माग, आणि मधोमध व्यंकटेशाचं छोटंसं देऊळ. भजन सहाला सुरू झालं. टाळ, मृदंग, पेटी. मेंडोलिन घेऊन ते विणकर कोपऱ्यात बसलेले आणि वाजवत मात्र काहीच नव्हते. त्यांच्या वाद्याकडं बघून तर मला हसू आलं. मेंडोलिनला आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. त्यांच्या वाद्याला चारच. प्रत्येक जोडीतली एक तार गायब. मी वडिलांच्या कानात म्हणाले, "तारासुद्धा पुऱ्या नाहीत."

पहाटेच्या पाळीला कारखान्यात जायचं असल्यानं त्या वस्तीत सगळे लवकर झोपत, आणि देवालाही आठलाच झोपवत. आठ वाजत आले तसे टाळ खाली ठेवले गेले. पुजाऱ्यानं देवाची छोटी मूर्ती हातभर लांबीच्या पाळण्यात निजवली, वर चादरीचा तुकडा पांघरला. मग त्या कोपऱ्यातून एक सूर आला.

एकच. तो उठला, आणि मी सवयीनं पुढच्या सुराची वाट बघू लागले. पुढचा आलाच नाही. त्यांनी तार बोटानं बाजूला ओढली आणि तोच सूर वर सरकत गेला, थांबला, आणि तसाच खाली आला. मेंडोलिनचा आवाज लवकर मरतो. छेडला की गेला. म्हणूनच तर मी एकावर एक सूर ओतत असे, मधे भोक पडू नये म्हणून. हा माणूस आवाजाला मरू देत होता. पूर्ण मरू देत होता, मग क्षणभर काहीच नाही, आणि त्यानंतर पुढचा सूर असा की जणू तो आधीपासून तिथंच होता. गाणं कुणी म्हणत नव्हतं. पाळण्याची दोरी पुजारी हलवत होता आणि सगळी माणसं, मागावरून थेट आलेली, डोळे मिटून बसली होती.

मला आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला राग आला. माझ्या घरापासून दोन मैलांवर हे दर शनिवारी चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता, याचा राग. माझ्यापेक्षा निम्म्या तारांच्या वाद्यातून माझ्या दुप्पट काहीतरी निघत होतं, याचा राग. वडील डोळे पुसत होते, त्यांचाही राग. त्यांनी माझं वाजवणं ऐकून कधी डोळे पुसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी माझं मेंडोलिन घेऊन त्या विणकरांच्या घरी गेले. त्या दिवसापासून मी त्यांना मामा म्हणू लागले, आणि बाहेरच्या खोलीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या त्यांच्या बायकोला मामी. "ऐका," असं मोठ्यानं सांगून मी रेकॉर्डवरचा सगळ्यात अवघड तुकडा सुरू केला. मामांनी एक विचित्र गोष्ट केली. ते पुढं सरकले आणि माझ्या वाद्याच्या खुंट्यांकडच्या टोकावर त्यांनी आपला जबडा टेकवला. हवेतून कमी यायचं ते त्यांना हाडातून कळायचं. मी दुप्पट जोरानं वाजवलं.

संपल्यावर त्यांनी मान वर केली आणि काळजीनं विचारलं, "मागं कुत्रं लागलंय का?"

मामी इतकी हसली की सुपातली तंबाखू सांडली. मी वाद्य पिशवीत घातलं आणि चहा न घेता निघाले. रस्ताभर मनात एकच, याला काय कळतंय, अमेरिकेत असंच वाजवतात, रेकॉर्डच आणून ऐकवते. प्लेयर अलीकडं घरघरत होता, म्हणून आधी तो दुरुस्त करून घ्यावा असं ठरवून मी सोमवारी तो नव्या पेठेतल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात नेला. सोबत रेकॉर्डही नेली.

दुकानदारानं रेकॉर्ड लावली, ऐकली, आणि माझ्याकडं बघितलं. "बाजी, ये कब से ऐसाच सुन रै तुम?"

"तीन वर्षं झाली. का?"

"रेकॉर्ड तेत्तीस की है. मशीन पंचेचाळीस पे अटकी है." म्हणजे मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची रेकॉर्ड आमच्याकडं पंचेचाळीस फेऱ्यांनी पळत होती. त्यानं वेगाचा दांडा दाखवला. आत गंजून एकाच जागी बसलेला. स्क्रू-ड्रायव्हर घालून त्यानं तो मोकळा केला आणि सुई पुन्हा टेकवली.

त्या दुकानात पाच पुरुष पुरुषांच्या आवाजात गाऊ लागले. मेंडोलिन वेगात होतं, पण माणसाच्या वेगात. दोन सुरांच्या मधे हवा होती. मॅडम वाजवायच्या त्याच्या ते कितीतरी जवळ होतं. आणि घरी येऊन कपाटातली शिट्टी फुंकली, तर ती रेकॉर्डशी तंतोतंत जुळली.

घरात त्या दिवशी हसून हसून सगळ्यांच्या पोटात दुखलं. वडील म्हणाले, "म्हणजे थंडीचा काही संबंध नव्हता." मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. तीन वर्षं जीव तोडून मी जे शिकले होते ते कुणाचंच संगीत नव्हतं. ते एका बिघडलेल्या यंत्राचं संगीत होतं. अमेरिकेतसुद्धा कुणाला इतक्या वेगानं वाजवता येत नसेल, याचा थोडा अभिमान वाटला, नाही असं नाही. पण तो दोन दिवससुद्धा टिकला नाही.

तिसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी परत मामांच्या दारात. "मला ते शिकवा," म्हटलं. "देवाला झोपवायचं."

मामांनी तुटक सांगितलं ते मामीनं मला उलगडून सांगितलं. मालकानं अर्ज ठेवून घेतला होता, उत्तर नव्हतं, आणि मामा अजून मागावरच होते. डॉक्टर म्हणाले होते, राहिलेलं ऐकू येणंही आता थोड्या महिन्यांचं. मामा तरुण असताना तेलुगू नाटकवाल्यांची एक कंपनी गावात येऊन राहिली होती, तिच्यातल्या वाजवणाऱ्याकडून त्यांनी ते पद घेतलेलं. आता ते त्यांच्या एकट्याच्याच हातात होतं. आताशा त्यांना तारा जुळवताना चुकायला होई. मंडळी म्हणत होती, राहू दे, पेटीवर काहीतरी वाजवून देव झोपवू.

"पेटीवर न्हाय येत त्ये," मामा मधेच म्हणाले. "पेटीला पायऱ्या अस्त्यात. ह्याला उतार पायजे." मग माझ्याकडं बघून, "कान हाय तवर शिकिवतो. पर तुमाला लई घाई."

घाई तर होतीच. त्यांचे कान जायच्या आत शिकायचं होतं, आणि शिकायचं होतं ते हळू वाजवणं. मी म्हटलं, "मी शिकणारच." ते त्यांना ऐकू आलं की नाही माहीत नाही. मामीला आलं. ती म्हणाली, "मेल्लगा, अम्मा. मेल्लगा." तेलुगूत मेल्लगा म्हणजे हळूहळू, आणि अम्मा म्हणतात लेकीलाही.

पहिल्याच दिवशी माझं मेंडोलिन अडलं. तार बाजूला ओढायची, तर माझ्या तारा जोडीच्या. दोन्ही सारख्या ओढल्या जाईनात, आणि सूर फाटून बेसूर व्हायचा. चार तारा कमी असण्याचं कारण मला तेव्हा कळलं, आणि देवळात हसले होते त्याची लाज वाटली. मामांनी पक्कड पुढं केली. माझ्यानं तारांना हात लाववेना. आठ तारांचं वाद्य मॅडमनी दिलं होतं, त्यांनी स्वतः चढवलेल्या दोन तारा अजून त्यावर होत्या. मामांनी घाई केली नाही. पुढच्या रविवारी मी घरूनच चार तारा काढून गेले. काढलेल्या तारा मॅडमच्या शिट्टीबरोबर डबीत ठेवल्या.

मग सुरू झालं ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कठीण काम. वेग शिकायला जिद्द पुरते, हे मला माहीत होतं. थांबायला काय पुरतं, ते माहीत नव्हतं. एक सूर छेडून तो मरेपर्यंत वाट बघायची म्हटलं की माझा उजवा हात आपोआप पुढच्या सुरावर पडायचा. दर रविवारी एक ओळ. कधी तीन रविवार तीच ओळ. मामा जबडा टेकवून बसायचे, मामी विड्या वळता वळता म्हणायची मेल्लगा, आणि मी दात-ओठ खाऊन हळू वाजवायचे. दात-ओठ खाऊन हळू वाजवता येत नाही, हे समजायलाच माझा मार्गशीर्ष गेला.

आणखी एक खोड होती. चूक झाली की मी पहिल्यापासून सुरू करायचे. टायपिस्टची सवय. चार कार्बन घातलेल्या अर्जात एक अक्षर चुकलं की पान ओढून फेकायचं आणि नवं घालायचं. मामा एकदा वैतागले. "पयल्यापासनं का? पयलं तर चांगलं व्हतं की." ते मला हाताला धरून शेजारच्या घरातल्या मागाजवळ घेऊन गेले. ताण्यातला एक उभा धागा तुटला होता. विणणाऱ्यानं माग थांबवला, शेकडो धाग्यांतून तुटलेलं टोक बोटानं शोधलं, दुसरं टोक शोधलं, गाठ मारली आणि तिथूनच पुढं माग चालू केला. "चादर काय फाडून टाकतो का आमी?" मामा म्हणाले. "तुटलं तितं थांबायचं. टोक गावस्तवर हात चालवायचा न्हाय. गाठ मारायची, फुडं जायचं."

त्या दिवसापासून मी तसं करू लागले. चुकले की थांबायचे, मागचा सूर शोधायचे, त्याला पुढचा बांधायचे. मामा बोट वर करून म्हणायचे, "हितं तुटलं." मी टोक शोधायचे. माघात त्यांचं बोट वर जाणं कमी झालं. फाल्गुनात तर कधीतरी एखाद्या वेळीच. ते डोळे मिटून मान डोलवायचे. मी खूश. घरी वडिलांना सांगितलं, आता चुका होतच नाहीत.

पद संपायला दोन ओळी राहिल्या असतानाची गोष्ट. मी निघाले तेव्हा मामी माझ्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत आली. कधी येत नसे. म्हणाली, "अम्मा, एक सांगतो, रागवू नको. त्येंना आता काईच ऐकू येत न्हाय. महिना झाला. तुझं मन मोडू नये म्हणून मान हलवितो त्यो."

मी तिथंच उभी राहिले. महिनाभर मी जे वाजवत होते ते बरोबर होतं की चूक, हे सांगणारं आता जगात कुणी नव्हतं. मला रडू आलं आणि ते लपवावंसंही वाटलं नाही. मामी पदरानं माझं तोंड पुसत होती आणि येणारे-जाणारे बघत होते. त्यांच्या कानांसाठी रडत होते की माझ्या पदासाठी, ते मला तेव्हाही कळलं नाही. थोडं दोन्हीसाठी असेल.

सोडून द्यावं असं मात्र एकदाही मनात आलं नाही. हा माझा एकच गुण, आणि आई त्याला अवगुण म्हणायची. पुढच्या रविवारी मी गेले तशी मामांसमोर बसले, आणि ओरडण्याऐवजी पाटीवर लिहिलं, "मान हलवायची नाही. तुटलं तर सांगायचं." त्यांनी पाटी वाचली, मामीकडं बघितलं, आणि चोरी पकडल्यासारखे हसले. मग ते म्हणाले, "जबड्यात येतंय गं थोडं. सूर न्हाय कळत. तार कवा छेडली, कवा सोडली, येवडं कळतं." मी म्हटलं, तेवढं पुरे. राहिलेल्या दोन ओळी त्यांनी आपल्या वाद्यावर वाजवून दाखवल्या. स्वतःला ऐकू येत नसताना, नुसत्या बोटांच्या आठवणीवर. तारा मी जुळवून दिल्या होत्या. त्या ओळी मी घरी आणल्या आणि पंधरा दिवस दुसरं काही वाजवलं नाही. आई एकदाही साकु म्हणाली नाही.

वैशाखातल्या एका शनिवारी मामांनी मंडळींना सांगितलं, आज ही वाजवील. कुणीतरी कुजबुजलं, बाईमाणूस, त्यात मराठी. मृदंगवाले म्हातारे म्हणाले, "झोपणार देव हाय. त्येला इचारा की." विषय संपला. वडील, आई, दोघंही आले होते. उकाड्यानं जीव चाललेला. आठ वाजत आले. मूर्ती पाळण्यात गेली, चादरीचा तुकडा वर आला.

मी पहिला सूर छेडला. मामा शेजारी बसून वाद्याच्या टोकावर जबडा टेकवून होते, डोळे मिटलेले. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. लोकांचे डोळे मिटू लागले. तिसऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा आहे. तिथं तार एकदाच छेडायची आणि त्याच आवाजात सूर ओढत वर न्यायचा. आवाज मरत आला तरी वर पोचेपर्यंत दुसऱ्यांदा छेडायचं नाही. सगळे ऐकतायत हे माझ्या मनात आलं, आवाज विझतोय असं वाटलं, आणि जुनी घाई बोटात शिरली. मी दुसऱ्यांदा छेडलं. हलकंच. देवळात कुणाच्याही लक्षात आलं नाही. वडिलांच्याही नाही.

मामांचं बोट वर गेलं.

"हितं तुटलं," ते म्हणाले. बहिरी माणसं बोलतात तसं, मोठ्यानं. सगळं देऊळ दचकलं. पुजाऱ्याचा दोरीवरचा हात थांबला. देवाच्या झोपेत असं कुणी कधी बोललं नव्हतं. मृदंगवाले पुढं झुकले, आई तोंडाला पदर लावून बसली. आणि मला, भर देवळात चूक पकडली गेलेल्या मला, आनंद झाला. त्यांना कळलं होतं. माझं वाजवणं त्यांच्यापर्यंत पोचत होतं.

मी थांबले. घाई केली नाही. मागचा सूर शोधला, बोट त्यावर ठेवलं, श्वास पूर्ण सोडला. मग तार एकदाच छेडली आणि ओढत नेली. आवाज मरत गेला, मी मरू दिला, आणि तो वर जाऊन पोचला. मामांचा जबडा वाद्यावर तसाच होता. पुजाऱ्यानं पुन्हा दोरी हलवायला सुरुवात केली.

त्या शनिवारी देव जरा उशिरा झोपला.